दिवा कुठे ठेवायचा

आमच्या हॉलच्या खिडकीतून हेब्बाळचा उड्डाणपूल दिसतो. विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे रात्रभर आमच्या छतावरून सरकत असतात. मी फोटोग्राफर नाही, नोकरी वेगळीच आहे. पण रविवारी सकाळी सोफा भिंतीला लावायचा, दोन स्टँड उभे करायचे, त्यांवर फ्लॅश चढवायचे आणि इमारतीतल्या कुणा ना कुणाचे फोटो काढायचे, हा माझा गेल्या बारा वर्षांचा छंद. पैसे घेत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नाही. मुंजीचा मुलगा, व्हिसाचा फोटो, पहिली साडी, लग्नाच्या स्थळासाठी ‘साधाच पण चांगला’ फोटो, असं सगळं चालू असतं.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आपल्या आईला घेऊन आल्या. आई निपाणीच्या. इमारतीत सगळे त्यांना आक्का म्हणतात, कन्नड शेजारीसुद्धा, कारण शब्द दोन्हीकडचा आहे. पंचाहत्तरी जवळ आली होती आणि लेकीला आईचा एक चांगला फोटो हवा होता. ‘चांगला’ म्हणजे काय, हे तिने मला आदल्या रात्रीच फोनवर सांगून ठेवलं होतं. आक्कांच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. गालांवर, नाकावर, कपाळावर. “तुम्ही लाइट असा लावा की ते फारसे दिसणार नाहीत,” ती म्हणाली. मी म्हटलं, काळजी करू नका.

म्हणून त्या यायच्या आधीच मी मोठी पांढरी छत्री उघडून ठेवली होती.

ज्यांना या खटाटोपाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅमेऱ्यावरून उतरवलेला फ्लॅश म्हणजे तळहाताएवढी चौकट, आणि प्रकाश बाहेर पडतो तो त्याहून लहान खिडकीतून. आकाराने लहान दिवा कडक सावली देतो. सूर्य प्रत्यक्षात चौदा लाख किलोमीटर रुंद आहे, पण पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून दुपारच्या उन्हात सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. छत्री, सॉफ्टबॉक्स, अष्टकोनी ऑक्टाबॉक्स यांचं काम तेवढंच, लहान दिव्याला मोठं करणं. मात्र मोठं म्हणजे समोरच्याच्या दृष्टीने मोठं. मीटरभराची छत्री माणसापासून मीटरभर अंतरावर असली तर तिच्यासारखा मऊ प्रकाश नाही. तीच चार मीटर मागे नेली तर ती पुन्हा लहान दिवा होते. फ्लॅशच्या तोंडावर प्लास्टिकची पांढरी टोपी चढवून प्रकाश मऊ होतो असं समजणारे पुष्कळ असतात. ती टोपी प्रकाश खोलीभर उधळते एवढंच, मऊ करतात त्या भिंती. मैदानात तिचा काडीचा उपयोग नाही.

याच्या उलट काम करणारीही साधनं आहेत. स्नूट म्हणजे नळकांडं, प्रकाशाचा एक ठिपका टाकणारं. ग्रिड म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. ती प्रकाशाला इकडेतिकडे सांडू देत नाही. आमच्यासारख्या बाराबाय पंधराच्या, पांढऱ्या रंगाच्या हॉलमध्ये जाळी नसेल तर तुम्ही कितीही कडक प्रकाश टाका, भिंती मध्ये पडून तो नरम करतातच. घराच्या भिंती मध्यस्थी करतात म्हणा ना.

तर आक्का आल्या, खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला, आणि वर बघून म्हणाल्या, “ही छत्री कशाला रं? घरात पाऊस पडनार हाय का?”

मी म्हटलं, “उजेड मऊ होतो, आक्का.”

“मऊ कशाला?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर होतं, पण ते त्यांच्या तोंडावर देता येण्याजोगं नव्हतं, आणि तोंडावर देता येत नाही असं उत्तर त्या तोंडाविषयीच होतं. ‘सगळ्यांना मऊच लावतो’ असं काहीतरी मी पुटपुटलो. ते खोटं होतं. आदल्याच आठवड्यात त्याच खुर्चीवर एका तरुण मुलाचे फोटो मी बाजूने उघडा फ्लॅश टाकून काढले होते, त्याचा जबडा रेखीव दिसावा म्हणून.

या प्रश्नापाशी मी त्यानंतर बरेच महिने अडकून राहिलो. मऊ प्रकाश ही दया आहे की लबाडी?

सोपं उत्तर असं की प्रकाशाला खरंखोटं नसतं. कुठलाच प्रकाश तटस्थ नाही. ट्यूबलाइट डोळ्यांखाली खड्डे पाडते, खिडकीतला उजेड एक गाल खातो, फोन तर हल्ली न विचारताच कातडी गुळगुळीत करून देतो. मग छत्रीनेच काय घोडं मारलं? हे उत्तर मला तर्काने पटतं आणि तरी अर्धवट वाटतं. सगळे शब्द पक्षपाती असतात म्हणून खोटं बोलायला मोकळीक मिळत नाही. कुठला शब्द कुणासाठी आणि कुणाच्या वतीने वापरला, हा प्रश्न उरतोच.

दुसरं सोपं उत्तर याच्या बरोबर उलट आहे. कडक प्रकाश म्हणजे सत्य, मऊ म्हणजे मुलामा. आपल्या भाषेलाही हेच वाटतं. भानगड ‘उजेडात येते’, चुकीवर ‘प्रकाश पडतो’. छायाचित्रणाच्या इतिहासात या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार जेकब रीस. १८८०च्या दशकाच्या अखेरीस हा बातमीदार न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत रात्री शिरायचा आणि मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून फोटो घ्यायचा. एका खोलीत दाटीवाटीने निजलेली माणसं, दचकून उघडलेले डोळे, भिंतीवरची ओल. १८९०मध्ये त्याचं पुस्तक निघालं, त्यातून घरांच्या सुधारणेला जोर आला. त्या खोल्यांमध्ये त्याने छत्री लावली असती तर काहीच झालं नसतं, हेही खरं. पण त्या निजलेल्यांना कुणी विचारलं नव्हतं. भडका उडाला, हा निघून गेला, आणि मग त्या खोलीत पुन्हा अंधार आणि बारुदाचा वास. त्याने त्यांची गरिबी उजेडात आणली, पण त्यांतल्या कुणाला आपला असा चेहरा जगाला दाखवायचा होता का, हे त्या फोटोंवरून कधीच कळणार नाही. लोकांचं भलं झालं म्हणून हा प्रश्न मिटत नाही, आणि प्रश्न आहे म्हणून ते भलंही खोटं ठरत नाही.

मला दोन्ही उत्तरांची अडचण नीट कळली ती एका दगडापाशी. तो दगड हेब्बाळचाच आहे.

२०१८ साली आमच्या हेब्बाळमध्ये एक वीरगळ सापडला. इसवी सन ७५०च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला. कन्नड लिपीतला लेख आहे त्यावर. किट्टय्य नावाचा माणूस गावावर आलेल्या हल्ल्यात लढून मेला आणि इंद्रलोकी गेला, असा मजकूर. हल्ला करणाऱ्यांचा उल्लेख ‘रट्टवाडी’ असा येतो, आणि अभ्यासक त्याचा अर्थ राष्ट्रकूट असा लावतात. म्हणजे वेरूळचं कैलास लेणं खोदवणारे ते राष्ट्रकूट. एका अर्थाने आमच्याच बाजूचे लोक, असं मी कन्नड मित्रांसमोर थोडं ओशाळून म्हणतो. त्याच लेखात पेर्बोळलनाडू हे नाव आहे. ‘प’चा ‘ह’ झाला आणि पेर्बोळलचं हेब्बाळ झालं. ज्या गावाला आम्ही आयटीवाल्यांनी वसवलं असं आम्हाला वाटतं त्याला पावणेतेराशे वर्षांपूर्वी नाव होतं आणि त्याच्यासाठी मरणारं माणूस होतं. स्थानिक लोकांच्या पुढाकाराने आता त्या दगडासाठी छोटा मंडप बांधला आहे.

भर दुपारी तिथे गेलात तर फारसं काही दिसत नाही. मंडपात चोहीकडून सारखा उजेड येतो, आणि सारख्या उजेडात झिजलेली अक्षरं दगडात परत बुडतात. मी एकदा संध्याकाळी गेलो आणि हातातला उघडा फ्लॅश दगडाला जवळजवळ टेकवून, तिरका, बाजूने मारला. अक्षरं वर आली. मला जुनं कन्नड वाचता येत नाही, तरी अंगावर काटा आला. शिलालेख वाचणारे लोक हेच करत आले आहेत, रात्री जायचं आणि बॅटरी कडेने धरायची. ठसा घेण्याची जुनी रीतही तीच गोष्ट वेगळ्या प्रकारे करते: ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून खाचांत शिरवायचा आणि वरून शाई फिरवायची, म्हणजे खाच पांढरी राहते.

पण त्या संध्याकाळी एक गोष्ट नवीन कळली. फ्लॅश डावीकडून धरला तेव्हा उभ्या रेषा उठून आल्या आणि आडव्या गायब झाल्या. वरून धरला तेव्हा उलट. प्रकाश ज्या दिशेने जातो त्याच दिशेला जी खाच असते तिच्यात सावली पडतच नाही, म्हणून ती दिसत नाही. म्हणजे कडक, तिरका, ‘सत्यवादी’ प्रकाशही निम्मी अक्षरं दाखवतो आणि निम्मी लपवतो, फक्त आव मात्र सगळं दाखवल्याचा आणतो. म्हणूनच २००१मध्ये टॉम माल्झबेंडर या संशोधकाने अशी पद्धत मांडली की कॅमेरा हलवायचा नाही, दिवा मात्र निरनिराळ्या ठिकाणी नेत अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर ते एकत्र करायचे, म्हणजे बघणाऱ्याला हवा तिकडून दिवा फिरवून बघता येतो. बेंगळुरूच्या शिलालेखांचं तर आता मिथिक सोसायटीने त्रिमितीत स्कॅनिंग केलं आहे. एका दिव्यावर विसंबायचं नाही, एवढा धडा या मंडळींनी केव्हाच घेतला.

दगडाच्या बाबतीत हे सगळं निर्मळ आहे. वीरगळ कोरला तोच मुळी कुणीतरी वाचावा म्हणून. चेहऱ्याचं तसं नाही. आक्कांच्या चेहऱ्यावर जे आहे ते कुणी कोरलं नाही आणि माझ्यासारख्याने वाचावं म्हणून तर नाहीच नाही.

देवीची गोष्ट आता सांगावी लागते इतकी ती जुनी झाली. १९७५मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला, १९७७मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. माझ्या दंडावर लस टोचल्याची गोल खूण आहे, माझ्या मुलीच्या दंडावर नाही, आणि तिला ‘देवी काढणे’ म्हणजे काय हे समजावताना माझी तारांबळ उडाली. काढली ती लस आणि आली ती देवी. आजार म्हणायचा नाही, आल्या म्हणायचं आणि गेल्या म्हणायचं. आक्कांना सहाव्या वर्षी आल्या. त्याच साथीत त्यांचा धाकटा भाऊ गेला. वण असलेले चेहरे माझ्या लहानपणी प्रत्येक गल्लीत एक-दोन असायचे. आता पन्नाशीच्या आतला एकही नाही. आक्कांची पिढी गेली की हा चेहरा माणसांच्या जगातून संपेल, आणि तो संपणं ही फार चांगली गोष्ट आहे.

आक्कांचे याआधीचे फोटो त्यांच्या लेकीने मला दाखवले होते. लग्नानंतरचा एक, निपाणीच्या स्टुडिओतला. त्यात गाल रव्याच्या लाडवासारखे गुळगुळीत. तेव्हा स्टुडिओत टचिंग करायचे: काचेखाली दिवा, वर निगेटिव्ह, आणि टोकदार पेन्सिलीने एकेक खड्डा भरायचा. नाजूक काम होतं, चांगला टचिंगवाला मिळाला तर स्टुडिओ चालायचा. त्या कारागिराविषयी मला आदरच आहे. पण परिणाम असा की पंचाहत्तर वर्षं वयाच्या या बाईचा तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचा एकही फोटो नाही.

आणि त्या दिवशी मी छत्री उघडून नेमकी तीच पेन्सिल पुन्हा हातात घेतली होती.

पुढचं घडलं ते असं. मी छत्रीतले चार-पाच फोटो काढले. चांगले आले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. लेक खूश झाली. आक्कांनी चष्मा लावून पाहिलं, “बरी दिसतीया बाई,” म्हणाल्या, कुणा तिसरीविषयी बोलावं तसं. मग म्हणाल्या, “आमच्या मामानं बी असंच केलतं.”

मला वाटलं मामा फोटोग्राफर असावा. तसं नव्हतं.

“मला बघायला आली तवा मामानं दिस बुडल्यावरच बोलावलं त्यास्नी. कंदील माझ्या म्होरं ठिवला. अगदी तोंडाम्होरं. आईला म्हनला, दिवा बाजूला ठिवायचा न्हाई, पोरीचं तोंड खडबडीत दिसतंय.”

मी हातातला कॅमेरा खाली ठेवला. तो मामा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारा माणूस. पण ही गोष्ट मला शिकायला तीन वर्षं आणि बरेच पैसे लागले. खड्डा झाकायचा असेल तर प्रकाश मऊ असणं दुय्यम आहे, तो बघणाऱ्याच्या डोळ्याच्या दिशेने यायला हवा. समोरून आलेला प्रकाश खड्ड्याच्या तळापर्यंत जातो, सावलीच पडत नाही, मग खड्डा दिसणार कसा? सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत भिंगाभोवती गोल बांगडीसारखा फ्लॅश लावतात तो त्याचसाठी. मामाचा कंदील आणि ती बांगडी यांचं शास्त्र एकच.

“आणि मग सकाळी?” मी विचारलं.

“सकाळी काय. सकाळ झाली.”

लेकीने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली असावी. ती आईकडे बघतच राहिली. आक्का सहज सांगत होत्या. “आट दिस बोललं न्हाईत त्ये. मग एक दिस म्हनलं, च्या कर. मग केला.” त्यानंतर एकेचाळीस वर्षं संसार झाला, बरा झाला, यजमान बोलणारे कमी होते पण हात उचलणारे नव्हते, हे मला नंतर कळलं.

मामा वाईट होता का? मला नाही वाटत. ज्या गावात वणांची मुलगी म्हणजे बापाच्या घरी आयुष्यभर, तिथे त्याने भाचीसाठी आपल्या हातातली एकच गोष्ट केली, दिवा हवा तिथे ठेवला. आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं याची मी स्वतःला खात्री देऊ शकत नाही. पण या दयेचं बिल कुणी भरलं? मामाने नाही. तो दुसऱ्या दिवशी वखारीत गेला. ते आठ दिवस आक्कांनी भरले, परक्या घरात, एकटीने, ज्या फसवणुकीत त्यांना कुणी विचारलंही नव्हतं तिच्यासाठी. मऊ प्रकाशाबद्दल मला सुचलेलं हे पहिलं खरोखरचं नैतिक वाक्य आहे, आणि ते त्या गोष्टीतून आलं: फोटोत जे उधार घेतलं जातं ते चेहऱ्याला दिवसाच्या उजेडात फेडावं लागतं. स्थळासाठी फोटो काढून घ्यायला मुली माझ्याकडे येतात तेव्हा ‘जरा उजळ येऊ दे’ ही सूचना हमखास येते, बहुतेकदा त्यांच्या सोबतच्या कुणाकडून. फ्लॅश थोडा वाढवला की झालं, लग्नांचे फोटोवाले वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मीही केलंय. पुढच्या सकाळी काय झालं, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आक्कांनी खिडकीच्या बाजूला, भिंतीकडे बोट केलं. “आता त्यो दिवा तिकडं ठिव. बाजूला.”

लेक म्हणाली, “आई, कशाला?”

“ठिवू दे की. येक काढ.”

मी छत्री उतरवली. फ्लॅशला जाळी लावली, नाहीतर आमच्या पांढऱ्या भिंती पुन्हा मध्ये पडल्या असत्या. स्टँड त्यांच्या डाव्या हाताला, खांद्याच्या रेषेत नेला. वीरगळाला धरला होता तसाच. एकदा मनात आलं, थोडा पुढे घ्यावा, इतका तिरका नको, कळणार नाही त्यांना. नाही घेतला. तीन फोटो काढले.

ते फोटो कसे आहेत हे सांगणं अवघड आहे. प्रत्येक वण दिसतो, प्रत्येक वणाला आपापली चंद्रकोरीएवढी सावली आहे. डोळे मात्र छत्रीतल्यापेक्षा वेगळे आहेत. छत्रीत त्या फोटो काढून घेत होत्या. इथे त्या बघत आहेत. मी या हौसेत काढलेल्या हजारो फोटोंपैकी हा मला सर्वांत चांगला वाटतो, आणि इथेच मला स्वतःचा संशय येतो. चांगला वाटतो तो त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? वण असलेली म्हातारी, काळी पार्श्वभूमी, तिरका प्रकाश. प्रदर्शनांच्या भिंती अशा फोटोंनी भरलेल्या असतात. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर आपलं नाव लावायची ही खोड छायाचित्रकारांना फार जुनी आहे. मऊ प्रकाशात दुसऱ्याला कमी लेखण्याचा धोका आहे तर कडक प्रकाशात त्याला वापरून घेण्याचा. आक्कांनी दिवा स्वतः सांगून हलवला नसता, मीच ‘खरेपणा’च्या नावाखाली हलवला असता, तर माझ्यात आणि मामात मामाच बरा ठरला असता.

म्हणजे ज्याचा चेहरा त्याला विचारावं, एवढंच का? तसं वाटलं होतं मला, आठवडाभर. मग लेक वर आली. रडून आली असावी. तिने तो बाजूच्या प्रकाशाचा फोटो बघितला होता आणि तिला तो सहन झाला नव्हता.

ती जे म्हणाली त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ती म्हणाली, “मी आईला पन्नास वर्षं बघतेय. मला तिचे वण दिसत नाहीत. खरंच दिसत नाहीत, मुद्दाम आठवले तरच. तुमच्या त्या फोटोत मला फक्त वण दिसतात, आई दिसत नाही. मग खरा फोटो कुठला?”

मी तिला वाटेल ते सांगितलं. त्यांची इच्छा, त्यांचा चेहरा वगैरे. पण ती चुकत नव्हती. रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांत चेहरा हलता असतो: चुलीपाशी, दारात, आजारपणात, हसताना, शंभर दिशांच्या उजेडांत. त्या सगळ्यांची बेरीज होऊन जे उरतं त्यात वण बुडून जातात, लपवल्यामुळे नव्हे तर मागे पडल्यामुळे. सेकंदाच्या हजाराव्या भागात एका बाजूने पडलेला प्रकाश ही बेरीज करू शकत नाही. तो पहिल्यांदा भेटणाऱ्या परक्याची नजर देतो. दगडाने शिकवलं होतंच ना, एका दिव्यावर विसंबायचं नाही. मग लेकीने मागितलेली छत्री ही लपवाछपवी नसेल, तिच्या आठवणीतल्या आईच्या जवळ जाण्याची ती वाट असेल. मामाने कंदील समोर ठेवला तो परक्यांना फसवायला. लेकीला छत्री हवी होती ती घरातल्यांसाठी, ज्यांना काही लपवण्याची गरजच नव्हती. प्रकाश तोच, समोरून आलेला, सावली न पाडणारा, आणि दोन वेळा त्याचा अर्थ इतका वेगळा.

आणि शिवाय हा फोटो कशासाठी काढला होता, हे आम्ही तिघंही न बोलता जाणून होतो. पंचाहत्तरी हे निमित्त. अशा वयात काढलेला ‘चांगला’ फोटो पुढे कधीतरी भिंतीवर जातो आणि त्याला हार चढतो. तेव्हा तो आक्कांना बघायचा नसेल. रोज त्याच्याखालून जाणार ती लेक, नातवंडं. तर मग त्या फोटोवर जास्त हक्क कुणाचा, ज्याचा चेहरा त्याचा की ज्याला त्या चेहऱ्यासोबत मागे राहायचं आहे त्याचा? मला विचाराल तर मी आजही आक्कांच्या बाजूने आहे, पण पूर्वीसारखा छातीठोकपणे नाही. लेकीकडे बघितलं की पाऊल अडतं.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. आता रविवारी माणूस येऊन खुर्चीत बसेपर्यंत मी स्टँडवर काहीच चढवत नाही. छत्री, डबा, जाळी सगळं कोपऱ्यात गुंडाळलेलं असतं. चहा होतो, गप्पा होतात. मग दिवा कुठे ठेवू, असं विचारतो. बहुतेक लोक म्हणतात, तुम्हाला कळतं, तुम्ही ठरवा. काही जण मात्र बोट दाखवतात.

मी दोन्ही फोटो मोठे छापून आणले, सारख्याच चौकटीत बसवले आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिले. पंचाहत्तरीला दोन्ही टेबलावर मांडले नव्हते, एकही मांडला नव्हता. नंतर दोन-तीनदा जाणं झालं तेव्हा भिंतीकडे माझं लक्ष गेलंच. खिळा ठोकलेला होता, रिकामा. मायलेकींत काय ठरलं ते विचारायचं मला धाडस झालं नाही. शेवटी आक्कांनीच माझी नजर पकडली.

“कपाटात हैत दोन्ही,” त्या म्हणाल्या. “भित्तीवर लावायची घाई काय? मी हाय की अजून.”